आतून बसवलेली काच

शुद्धलेखनाच्या चुका दिसतील, त्या सांभाळून घ्या. माझे शब्द साधे आहेत, कारण याहून वेगळे मला येत नाहीत. नववीत शाळा सुटली ती सुटलीच. यज्ञेश आणि मी एका बाकावर बसायचो, माझ्या मागोमाग त्याचीही सुटली. ही हकीगत त्याने मला सांगितली तेव्हा तो रडला नाही, की घाबरलेला दिसला नाही. बाजारातून काय काय आणलं ते सांगावं तसं त्याने सांगितलं. मीही तसंच लिहितो.

१

यज्ञेशचं घर रत्नागिरीहून पावसला जाणाऱ्या रस्त्यापासून थोडं आत, सड्याच्या, म्हणजे कातळाच्या माळाच्या, कडेला आहे. घर चिऱ्याचं आणि कौलारू. त्याच्या वडिलांनी, श्रीपतींनी, कोर्टात कारकून असताना ते बांधलं. मोठी बहीण राजश्री लग्न होऊन डोंबिवलीला गेली. आई, कमला, वारली त्याला दोन पावसाळे झाले. तेव्हापासून घरात बाप आणि मुलगा, दोघेच.

यज्ञेशचा दिवस ठरलेला असे. उठून चूल पेटवायची, बाबांना आंघोळीला पाणी द्यायचं, पेज करायची, घरामागच्या परड्यात आंब्याची दहा-बारा कलमं होती ती बघायची, दुपारी भात टाकायचा. तो कमी बोलणारा. बाबा तर कमला गेल्यापासून जवळजवळ गप्पच झाले होते. त्यांनी आपली खुर्ची मागच्या खोलीत नेली होती आणि दिवसभर खिडकीतून परडं बघत बसत.

ती खिडकी उघडत नसे. नुसत्या उजेडासाठी लाकडी चौकटीत एकच मोठी काच बसवलेली. बाहेर दिसायचं ते म्हणजे खिडकीला लागूनच असलेला कपडे धुवायचा काळा दगड, त्यामागे फणस आणि विहिरीचा कठडा. दुसरं काही नाही.

राजश्रीचा फोन आठवड्याला येई. बाबा जेवतात का, औषध घेतात का, हे सगळं विचारून झालं की ती म्हणे, तुला एकट्याला जमायचं नाही, गणपतीला येईन तेव्हा बाबांना घेऊन जाते. ती वाईट नव्हती. तिला खरंच काळजी वाटे.

एकदा तिचा फोन झाल्यावर बाबांनी यज्ञेशला जवळ बोलावलं.

"मला इथून हलवू देऊ नको," ते म्हणाले. "जे व्हायचं ते घरात होऊ दे."

यज्ञेशने हो म्हटलं. त्याने आजवर कुणाला फारसा शब्द दिलेला नव्हता. हा दिला.

श्रावणात वारा सुटला आणि माडाची झावळ येऊन त्या खिडकीवर पडली. काच कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तडकली आणि पाणी थेट बाबांच्या खाटेवर यायला लागलं. राजश्रीने हे बघितलं तर ती गणपती संपायचीही वाट बघणार नाही, हे यज्ञेशला कळत होतं.

२

दोन दिवसांनी उघडीप मिळाली. यज्ञेशने चौकटीचं माप घेतलं आणि गोखले नाक्याच्या मागे रितेशचं दुकान आहे तिथून काच कापून आणली. शाळा सुटल्यावर तो पावसच्या एका सुताराकडे काही दिवस हाताखाली होता, त्यामुळे असली कामं त्याला येत. काच बसवायची तर लांबी लागते. लांबी म्हणजे खडूची पूड आणि जवसाचं तेल एकत्र मळून केलेला लगदा. ती त्याने घरीच मळली.

पटाशी घेऊन तो परड्यात गेला. लांबी नेहमी बाहेरून लावलेली असते. चौकटीला खाच असते, तिच्यात बाहेरून काच टेकवायची, चुका म्हणजे बारीक खिळे मारायचे आणि वर लांबीची उतरती कड द्यायची, म्हणजे पावसाचं पाणी ओघळून जातं. पण बाहेरच्या बाजूला नुसतं लाकूड होतं. त्याने बोट फिरवून बघितलं. मग आत येऊन बघितलं.

लांबी आतल्या बाजूने होती. खोलीच्या बाजूने. दगडासारखी घट्ट झालेली, रंगाचे दोन-तीन हात दिलेली. जणू पाऊस खोलीत पडायचा होता आणि तो परड्यात जाऊ नये म्हणून ही तजवीज केलेली होती.

कुणीतरी चौकटच उलटी बसवली असेल, असं यज्ञेशने मनाशी म्हटलं. गवंडी घाईत असतात.

बाबा खुर्चीत बसून बघत होते.

"होती तशीच बसव," ते म्हणाले.

यज्ञेशने सांगितलं की अशाने पाणी आत येतं, उलटी बसली आहे.

"उलटी नाही. कमलाने बसवलेली आहे ती."

आईने कधी लांबीला हात लावला असेल हे यज्ञेशला माहीत नव्हतं. त्याने जवळ जाऊन बघितलं. रंगाखाली, लांबीच्या कडेने, अंगठ्याचे ठसे एकापुढे एक उमटलेले होते. लहान अंगठा होता. सुताराचा नव्हे. त्याने विचारलं, कधी, कशासाठी? बाबा पुन्हा परडं बघायला लागले होते. त्यांना मध्येच असं व्हायचं.

एक गोष्ट त्याच्या लक्षात आली. अशी बसवलेली काच खोलीतून ढकलली तर ढकलली जात नाही, चौकटीच्या लाकडाला टेकते. बाहेरून बसवलेली काच मात्र लांबी ओली असेपर्यंत आतून ढकलली तर परड्यात पडते. पण खोलीतून काच कोण ढकलणार?

त्याने पटाशी लावली आणि ठसे एकेक करून उडवले. चौकट सोडवून उलटी केली, खाच बाहेर घेतली, नवी काच बाहेरून बसवली आणि बाहेरून लांबी भरली. संध्याकाळच्या आत झालं. काच इतकी स्वच्छ होती की मध्ये काही आहे असं वाटत नव्हतं.

आत आला तेव्हा बाबा त्याच्याकडे बघून हसले. कमला गेल्यानंतर तो त्यांना पहिल्यांदाच हसताना बघत होता.

३

त्यानंतर बाबा सुधारले. हाक मारून चहा मागू लागले. उठून फिरू लागले. यज्ञेशला बरं वाटलं. उजेड आला खोलीत, म्हणून असेल, त्याला वाटलं.

शेजारच्या मालनकाकू रोज दुपारी फुलं न्यायला येतात. त्यांनी पहिल्यांदा बघितलं. बाबा मागच्या दाराशी, घराच्या आत उभे होते. त्यांनी तांब्यातलं पाणी दोन्ही पायांवर घेतलं, लादीवरच. पाय पायपुसण्यावर नीट पुसले. चपला आतच काढून भिंतीशी ठेवल्या. मग अनवाणी परड्यातल्या चिखलात उतरले.

"भाऊ, देवळात चाललात काय?" मालनकाकू म्हणाल्या. "माझ्या घरी येताना कधी एवढे पाय धुतले नाय ते."

बाबाही हसले. त्यांनी परड्यात दोन फेऱ्या मारल्या, फणसाच्या पानांवरून हात फिरवला, आणि परत आले. दारात त्यांनी चपला घातल्या आणि चिखलाचे पाय तसेच चपलांत घालून, पट्-पट् वाजवत, घरभर फिरले.

यज्ञेशने लादी पुसली. मालनकाकू हळू आवाजात म्हणाल्या की वय झालं की होतं असं, त्यांचे सासरे शेवटी शेवटी कोंबड्यांना नावाने हाका मारायचे. यज्ञेशने मान हलवली. वय झालं की होतं. ते खरंच होतं.

पण बाबा बाकी कशातच चुकत नव्हते. औषधाची गोळी बरोबर ओळखत, वार सांगत. एवढी एकच गोष्ट. जेवण झालं की ते खोलीच्या मध्यावर उभे राहून चूळ भरून खाली टाकत, जशी माणूस परड्यात टाकतो तशी. यज्ञेश स्वयंपाकघरातून खोलीत आला की म्हणत, "झालं का बाहेरचं काम?" एकदा त्याने बघितलं, ते खाटेवर छत्री उघडून बसले होते.

"गळतंय का बाबा?" त्याने विचारलं.

"बाहेर बसलं की भिजायला होतंच," बाबा म्हणाले.

त्याने वर बघितलं. कौलं जागच्या जागी होती. बाबांची छत्री मात्र ओली होती. कडेवरून एक थेंब सुटला आणि लादीवर पडला. बाहेर नेली असेल मघाशी, यज्ञेशने मनाशी म्हटलं, आणि छत्री मिटून दाराशी ठेवली.

४

आवाजाचंही काहीतरी झालं होतं. मागच्या खोलीत उभं राहिलं की पाऊस डोक्याच्या अगदी जवळ लागायचा, पानापानावर पडतोय असा, वेगवेगळा. आणि परड्यात, उघड्यावर उभं राहिलं की तोच पाऊस लांब वाटायचा. दारं लावून घरात बसल्यावर वाटतो तसा, दबलेला. यज्ञेश एकदा दोन्हीकडे जाऊन उभा राहिला. कानात पाणी गेलं असेल म्हणून त्याने डोकं हलवून बघितलं.

मग काचेवर धुकट डाग आला. तोंडाची वाफ लागते तेवढा, बाबा खुर्चीत बसले की त्यांच्या तोंडासमोर येईल इतक्या उंचीवर. यज्ञेशने आतून फडका मारला. गेला नाही, म्हणजे बाहेरून होता. तो बाहेर जाऊन पुसायला लागला. बाहेरूनही गेला नाही. आतून असेल. तो पुसायला पुन्हा आत गेला नाही. फडका पिळून वाळत टाकला.

तिथेच उभा असताना त्याला लांबी दिसली. पावसाळ्यात लांबी सुकायला फार वेळ घेते, ती अजून लोण्यासारखी मऊ होती. त्याने सुरीने सरळ कड दिली होती. आता त्या कडेवर अंगठ्याचे ठसे होते. एकापुढे एक, खालच्या कोपऱ्यापासून वर चढत गेलेले. अर्धी चौकट झाली होती.

उंदीर लांबी खातात, तेलाच्या वासाने. पक्षीही टोचतात. हे त्याला सुताराने सांगितलेलं होतं. त्याने आपला अंगठा ठशात ठेवून बघितला. तो मावला नाही.

त्याच दिवशी राजश्रीचा फोन आला. बाबांशी बोलायचं म्हणाली. यज्ञेशला फोन द्यायचा नव्हता, पण बाबांनी हात पुढे केला. ते मजेत बोलत होते. राजश्रीही हसत होती. मग बाबा म्हणाले, "मी आत गेलो की फोन करीन. आता बाहेर आहे, इथे यज्ञेशजवळ. याला एकट्याला सोडवत नाही ना."

राजश्रीने यज्ञेशला फोन द्यायला सांगितलं. कधीपासून असं बोलतात, तिने विचारलं. त्याने सांगून टाकलं, चपलांचं, चूळ भरण्याचं, छत्रीचं. काचेचं सांगितलं नाही. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली की गणपतीची वाट बघत नाही, रविवारीच येते, इकडे चांगले डॉक्टर आहेत.

"त्यांना इथेच राहायचं आहे, ताई," तो म्हणाला.

"ते तिथे तरी आहेत का, यज्ञेश?" राजश्री म्हणाली. ती रडत होती. "तूच सांग मला. आहेत का?"



५

शनिवारी पाऊस थांबलाच नाही. दुपारी लाइट गेली. यज्ञेशने बाबांची पिशवी भरली होती. दोन सदरे, धोतर, औषधं, कमलाचा एक फोटो. बाबांनी ती बघितली. त्यांनी दुपारची पेज अर्धी टाकली. भूक ठेवतो, म्हणाले.

तिन्हीसांजेला यज्ञेश देवापाशी दिवा लावून, कंदील घेऊन मागच्या खोलीत गेला. खुर्ची रिकामी होती. भिंतीशी बाबांच्या चपला जोडून ठेवलेल्या होत्या. मागच्या दारापाशी लादीवर पाणी सांडलेलं होतं.

त्याने खिडकीकडे बघितलं.

बाबा काचेपलीकडे होते. अगदी जवळ, हात लांब केला तर लागतील इतके. बसलेले होते आणि त्याच्याकडे बघत होते. त्यांच्या मागे फणस असायला हवा होता. विहीर असायला हवी होती. तिथे भिंत होती. चुना दिलेली, पिवळसर उजेडातली, साधी घरातली भिंत. उजेड कुठून येत होता ते दिसत नव्हतं. पाऊस तिथे नव्हता.

पाऊस यज्ञेशच्या मानेवर पडत होता. सदरा पाठीला चिकटला. त्याने वर बघितलं नाही. हातातला कंदील चर्र करून विझला.

"आत ये रे," बाबा म्हणाले. आवाज काचेतून येत नव्हता, साधा समोरून येत होता. "किती वेळ बाहेर भिजत उभा राहणार?"

काचेच्या एका कडेने एक हात पुढे आला. मनगटात हिरव्या बांगड्या होत्या. कोपरापुढचं काही दिसत नव्हतं. त्या हाताने जमिनीवर एक ताट ठेवलं, बाबांपुढे. मागे गेला. दुसरं ठेवलं, स्वतःच्या बाजूला. मागे गेला. मग तिसरं, पलीकडून काचेला लागून, यज्ञेशच्या पायांसमोर येईल असं. ताटाखालची रांगोळीची रेघ त्या बोटांनी नीट केली. घाई नव्हती.

तो हात आईचा होता का, हे मी त्याला विचारलं होतं. तो म्हणाला, बांगड्या तशा होत्या.

यज्ञेशने तळवा काचेवर ठेवला होता, कधी ठेवला ते त्याला कळलं नाही. काच थंड नव्हती. लांबी पलीकडून होती आणि ओली होती. थोडासा जोर दिला असता तर झालं असतं. चौकट किंचित हललीही. बाबा त्याच्याकडे बघत होते, जेवायला थांबलेला माणूस बघतो तसे, जरा कंटाळून, पण मायेने.

मग त्याच्या मनात एवढंच आलं की काच बाबांच्या अंगावर पडेल. त्यांना लागेल.

त्याने हात काढला. खोलीतून निघून, घराला वळसा घालून, तो परड्यात गेला.

बाबा धुण्याच्या दगडावर, खिडकीखालच्या भिंतीला टेकून बसलेले होते. समोर फणस होता, विहीर होती, सगळीकडे पाणी वाहत होतं. बाबा कोरडे होते. केस कोरडे, सदरा कोरडा. डोळे मिटलेले. यज्ञेशने नाकाशी बोट धरलं, छातीवर कान ठेवला. त्यानंतर हळूहळू पाऊस त्यांच्यावर पडायला लागला.

त्यांचा उजवा हात मांडीवर उताणा होता. बोटांना वरणभात लागलेला होता. त्यावर तूप होतं, आणि तो अजून गरम होता. यज्ञेशने त्या दिवशी फक्त पेज केली होती.

फोन त्याच्या खिशात होता. तो लावावा असं त्याला सुचलं नाही. त्याने छत्री आणली आणि बाबांवर धरून बसून राहिला.

६

सकाळी उजाडल्यावर त्याने तांब्या भरून आणला आणि बाबांचा हात धुतला. एकेक बोट धुतलं. मग राजश्रीला फोन केला. ती गाडीतच होती, खेडच्या पुढे आली होती.

त्याने सांगितलं. ती बराच वेळ रडली. मग तिने विचारलं, "घरातच ना रे? त्यांची तेवढीच इच्छा होती."

"हो," यज्ञेश म्हणाला. "घरात."

खोटं बोललो असं त्याला वाटलं नाही. खरं बोललो असंही वाटलं नाही.

मालनकाकू आल्या, मग वाडीतली माणसं आली. पोरा, यांना असं पावसात कशाला बसवलंस, असं कुणीतरी म्हणालं, आणि मालनकाकूंनी त्याला गप्प केलं. चौघांनी बाबांना उचलून घरात नेलं आणि खाली घोंगडीवर निजवलं. खिडकीकडे कुणी बघितलं नाही. आतून मालनकाकूंची हाक आली, "यज्ञेशा, आत ये रे बाबा. भिजलास किती."

तो मागच्या दारापर्यंत आला. एक पाय आत टाकला. आत माणसं होती, उदबत्तीचा वास होता, रडणं चाललं होतं. मागे परड्यात पाऊस होता. दोन्हीकडचा आवाज सारखाच येत होता.

त्यांच्या घरात उंबऱ्यावर कुणी बसत नसे. लहानपणी बसला की आई पाठीत धपाटा घाली. तो उंबऱ्यावर बसला, एक पाय या बाजूला, एक त्या बाजूला, आणि दोन्ही हातांनी चौकट धरली. माणसांनी ऊठ म्हटलं, वाट दे म्हटलं, तरी उठला नाही. माणसं पुढच्या दाराने ये-जा करू लागली. राजश्री आली आणि तिने त्याचे हात एकेक करून सोडवले, तोपर्यंत तो तिथेच होता.